पॅट्रिक गेडिस

सर पॅट्रिक गेडिस (जन्म : २ ऑक्टोबर १८५४, बॅलेटर, स्कॉटलंड, मृत्यू : १७ एप्रिल १९३२, माँपेलिए, फ्रान्स) हे स्कॉटिश जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ आणि नगररचनाकार होते. आधुनिक नगररचनाशास्त्राच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. शहराचा आराखडा आखण्यापूर्वी तेथील भूमी, व्यवसाय आणि लोकजीवन यांची प्रत्यक्ष पाहणी केली पाहिजे, आणि त्या पाहणीत रहिवाशांना सहभागी करून घेतले पाहिजे, हा त्यांच्या कार्याचा मूळ विचार होय. सार्वजनिक उद्यान ही नगरपालिकेने नागरिकांना दिलेली देणगी नसून ती नागरिकांनी स्वतः घडवायची आणि राखायची गोष्ट आहे, असे त्यांनी आयुष्यभर मांडले.

१९१४ ते १९२४ या काळातील बराच भाग त्यांनी भारतात व्यतीत केला. या अवधीत त्यांनी ठाणे, नागपूर, जबलपूर, इंदूर, बडोदे, लखनौ, लाहोर आदी सुमारे ५० नगरांविषयी अहवाल लिहिले किंवा सल्ला दिला. १९१९ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेल्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक होते.

प्रारंभिक जीवन

गेडिस यांचा जन्म अ‍ॅबर्डीनशायर परगण्यातील बॅलेटर या गावी झाला. वडील अलेक्झांडर हे सैन्यात होते. आईचे नाव जॅनेट. पॅट्रिक हे सर्वांत धाकटे अपत्य. ते सुमारे तीन वर्षांचे असताना कुटुंब पर्थ या गावी किनूल टेकडीच्या उतारावरील घरात राहावयास गेले. घराभोवती बाग होती. वडिलांच्या हाताखाली आळी करणे, रोपे लावणे आणि भाजीपाला पिकवणे ही कामे ते लहानपणीच शिकले. टेकडीवरून पर्थ शहर, टे नदीचे खोरे आणि दूरवरचे डोंगर एका दृष्टिक्षेपात दिसत. शहर हे त्याच्या नदीपासून, शेतीपासून आणि डोंगरापासून वेगळे काढून समजून घेता येत नाही, या त्यांच्या पुढील सिद्धान्ताची बीजे त्यांचे चरित्रकार या बालपणात पाहतात.

पर्थ येथील शालेय शिक्षणानंतर वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. परंतु तेथे त्यांचे मन रमले नाही. १८७४ च्या सुमारास ते लंडनला जाऊन सुप्रसिद्ध जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्स्ली यांचे विद्यार्थी झाले. पुढे फ्रान्समधील रॉस्कॉफ येथील सागरी प्रयोगशाळेत आणि पॅरिसमध्ये त्यांनी अध्ययन केले. पॅरिसमध्ये त्यांचा फ्रेडरिक ले प्ले या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या विचारांशी परिचय झाला. ले प्ले यांनी स्थान, श्रम आणि कुटुंब या तीन घटकांच्या आधारे समाजाचा अभ्यास केला होता. गेडिस यांनी त्यात बदल करून स्थान, श्रम आणि लोक अशी त्रयी स्वीकारली व ती नगराच्या अभ्यासाला लावली.

१८७९ साली संशोधनासाठी मेक्सिकोत गेले असता त्यांना डोळ्यांचा गंभीर विकार जडला आणि काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढावे लागले. दृष्टी परत आली, तरी सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे त्यांना अशक्य झाले. त्यामुळे प्रयोगशाळेतील जीवशास्त्राकडून ते हळूहळू समाज आणि शहर यांच्या अभ्यासाकडे वळले.

एडिंबरोतील कार्य

१८८० पासून गेडिस एडिंबरो विद्यापीठात अध्यापन करू लागले. १८८६ साली त्यांचा अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी विवाह झाला. त्या काळी एडिंबरोच्या जुन्या भागातून सुखवस्तू कुटुंबे नव्या वस्तीत निघून गेली होती. मागे राहिलेल्या उंच, अरुंद इमारतींत गरीब कुटुंबे अत्यंत दाटीने राहत. गेडिस दाम्पत्याने नव्या वस्तीतील सोयीचे घर सोडले आणि ते याच जुन्या भागातील जेम्स कोर्ट या चौकात राहावयास गेले. तेथे त्यांनी भिंतींना रंग देणे, चौकातील कचरा हलवणे आणि खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या लावणे ही कामे स्वतः सुरू केली. शेजारीही हळूहळू या कामात सामील झाले.

याच काळात त्यांनी जुन्या इमारती विकत घेऊन किंवा देणग्या मिळवून त्यांची दुरुस्ती केली. १८८७ साली सुरू झालेल्या विद्यार्थिवसतिगृहाचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती सोपवण्यात आला. १८९२ साली त्यांनी किल्ल्यानजीकची एक मनोऱ्याची इमारत ताब्यात घेऊन तेथे आउटलुक टॉवर हे नागरी संग्रहालय उभे केले. अभ्यागत प्रथम गच्चीवरून प्रत्यक्ष शहर पाहत. त्यानंतर एकेक मजला उतरत ते शहर, देश, इंग्रजीभाषक जग, युरोप आणि संपूर्ण जग यांची माहिती घेत. सामान्य नागरिकाला आपले शहर वाचता यावे, हा त्यामागील उद्देश होता. ज्याला शहराची माहिती नाही तो त्याच्या नियोजनात भाग घेऊ शकत नाही, ही जाणीव गेडिस यांच्या सर्व प्रदर्शनांच्या मुळाशी आहे.

१८८८ पासून ते डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. या पदासाठी वर्षातून केवळ उन्हाळी सत्रात अध्यापन करावे लागे. उरलेला वेळ त्यांना नागरी कार्यासाठी मिळत असे.

डनफर्मलिनच्या उद्यानाचा अहवाल

उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०३ साली आपल्या डनफर्मलिन या जन्मगावाला पिटनक्रीफ ही विस्तीर्ण मालमत्ता आणि तिच्या विकासासाठी मोठा निधी दिला. कार्नेगींच्या बालपणी याच मालमत्तेत त्यांच्या कुटुंबाला प्रवेश नाकारला जात असे. या जागेचे सार्वजनिक उद्यान कसे करावे याविषयी विश्वस्तांनी गेडिस आणि उद्यानरचनाकार टॉमस मॉसन यांच्याकडून स्वतंत्र अहवाल मागवले.

गेडिस यांचा अहवाल १९०४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यात १३८ चित्रे आहेत. सद्यःस्थितीचे छायाचित्र आणि प्रस्तावित बदलाचे चित्र शेजारी शेजारी देण्याची पद्धत त्यांनी वापरली. नकाशा वाचता न येणाऱ्या नागरिकालाही प्रस्ताव समजू शकेल, असा त्याचा उपयोग होता. उद्यान म्हणजे केवळ हिरवळ, फुलांचे ताटवे आणि बाके अशी मर्यादित कल्पना त्यांनी नाकारली. दूषित ओढा स्वच्छ करणे, जुन्या वास्तू न पाडता त्यांना नवा उपयोग देणे, निसर्ग आणि इतिहास यांची संग्रहालये उभारणे आणि मुलांना बागकामासाठी जागा देणे अशा सूचना त्यांनी केल्या.

विश्वस्तांना हा आराखडा फार खर्चिक आणि व्यापक वाटला. त्यांनी गेडिस आणि मॉसन या दोघांचेही आराखडे स्वीकारले नाहीत. तथापि हा अहवाल उद्यान आणि नगरविकास यांचा एकत्रित विचार करणारा आरंभीचा महत्त्वाचा ग्रंथ मानला जातो.

मुलांच्या बागा

डनफर्मलिनमध्ये मोठ्या निधीच्या आधारे जे झाले नाही, ते एडिंबरोत अल्प साधनांनी करण्याचा प्रयत्न गेडिस यांच्या सहकाऱ्यांनी केला. आउटलुक टॉवरशी संलग्न असलेल्या समितीने जुन्या शहरातील बोळाबोळांतून फिरून पडीक जागांची मोजणी केली. या पाहणीत ७६ मोकळ्या जागा आढळल्या आणि त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे १० एकर भरले. इमारती कोसळल्याने रिकामे झालेले भूखंड, मागची परसे आणि उकिरडे यांचा त्यांत समावेश होता. ज्या भागात एकही मोकळी जागा नाही असा सर्वांचा समज होता, तेथे एवढी भूमी वापराविना पडून होती.

१९११ पर्यंत यांपैकी सुमारे दहा जागांवर बागा तयार झाल्या. गेडिस यांची कन्या नोरा हिने त्यांच्या रचनेत पुढाकार घेतला. परिसरातील रहिवासी, मुले आणि स्वयंसेवक यांनी राडारोडा उचलला, माती आणली आणि झाडे लावली. मोठे उद्यान दूर असले तर लहान मूल व त्याची आई तेथे रोज जाऊ शकत नाहीत. म्हणून घराच्या हाकेच्या अंतरावरील लहान जागा मोठ्या उद्यानाइतकीच महत्त्वाची ठरते, हा निष्कर्ष या प्रयोगातून पुढे आला. यांपैकी बहुतेक बागा नंतरच्या बांधकामांत नाहीशा झाल्या. जॉन्स्टन टेरेस येथील बाग मात्र वन्यजीव राखीव जागा म्हणून टिकून आहे.

भारतात आगमन

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून गेडिस १९१४ च्या उत्तरार्धात भारतात आले. त्यांचे नगररचनाविषयक प्रदर्शन स्वतंत्रपणे क्लॅन ग्रँट या जहाजातून येत होते. पहिले महायुद्ध सुरू झाले होते. ऑक्टोबर १९१४ मध्ये एम्डेन या जर्मन युद्धनौकेने ते जहाज बुडवले आणि अनेक वर्षांच्या श्रमाने जमवलेले नकाशे व चित्रे समुद्रात गेली. ब्रिटनमधील सहकाऱ्यांनी तातडीने नवे साहित्य जमवून पाठवले आणि जानेवारी १९१५ मध्ये मद्रास येथे प्रदर्शन भरले.

गेडिस भारतात आले तेव्हा येथील शहरसुधारणेवर प्लेगच्या साथीची छाया होती. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरल्यानंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे हा त्या काळातील सुधारणेचा रूढ मार्ग होता. घरे पाडली गेलेल्या कुटुंबांना पुरेशी पर्यायी घरे मिळत नसत आणि ती शेजारच्या, आधीच भरलेल्या वस्तीत आसरा घेत. त्यामुळे एका ठिकाणची दाटी हटून दुसऱ्या ठिकाणी वाढत असे. सर्वेक्षणाची साखळी घेऊन आलेला अधिकारी म्हणजे घर जाण्याची पूर्वसूचना, अशी लोकांची समजूत झाली होती. अशा परिस्थितीत रहिवाशांचा विश्वास संपादन करणे ही नगररचनाकारापुढील पहिली कसोटी होती.

भारतातील कार्यपद्धती

मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचना कायदा झाला. त्याच वर्षी गेडिस यांनी ठाणे आणि इलाख्यातील इतर काही नगरांची पाहणी करून सरकारला अहवाल दिले. त्यानंतर मद्रास इलाखा, बंगाल, संयुक्त प्रांत, पंजाब, मध्य प्रांत आणि अनेक संस्थाने यांतून त्यांना निमंत्रणे आली.

एखाद्या नगरात आल्यावर ते प्रथम तेथील गल्लीबोळांतून पायी हिंडत. नकाशावर पडीक भूखंड, कोसळलेली घरे, विहिरी, देवळे, मशिदी आणि मोठी झाडे यांची नोंद करीत. सरळ रुंद रस्ता वस्तीतून आरपार काढण्याऐवजी राहण्यास अयोग्य अशी मोजकीच घरे हटवावीत आणि त्या मोकळ्या झालेल्या जागा एकमेकींना जोडून लहान चौक व वाटा कराव्यात, असे ते सुचवीत. या पद्धतीला त्यांनी वैद्यकशास्त्रातील रूपक योजून जतन साधणाऱ्या शस्त्रक्रियेचे नाव दिले. रोग्याचे निदान केल्याशिवाय शस्त्र चालवू नये आणि शक्य तेवढा देह वाचवावा, हे तिचे सूत्र होते. कमी घरे पाडल्यामुळे भरपाईचा खर्चही कमी येई.

भारतीय नगरांत सार्वजनिक मोकळ्या जागेची परंपरा आधीपासून आहे, हे गेडिस यांनी ओळखले. वडापिंपळाभोवतीचा पार, विहिरीजवळची जागा, देवळाचे पटांगण आणि तलावाचा घाट ही ठिकाणे लोक पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले होते. नवे उद्यान करायचे तर ते या जागांपासून सुरू करावे, असा त्यांचा आग्रह होता. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवण्याच्या धोरणाला त्यांनी विरोध केला. तलावात मासे आणि बदके वाढवली तर डासांच्या अळ्या कमी होतात, शिवाय पाण्याने हवा थंड राहते आणि पावसाळ्यातील जादा पाणी साठते, असे त्यांनी मांडले.

मध्य प्रांत आणि नागपूर

गेडिस यांनी मध्य प्रांतातील नागपूर आणि जबलपूर या दोन नगरांविषयी तेथील नगरपालिकांना अहवाल सादर केले. हे दोन्ही अहवाल १९१७ साली प्रसिद्ध झाले. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. भोसल्यांच्या काळातील पेठा, नाग नदी आणि शहराभोवतीचे तलाव यांच्यालगत इंग्रजी अमदानीतील नवी वस्ती वाढत होती. आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे मिळून बनलेला चांदा जिल्हा याच प्रांतात मोडत असे.

या वर्षी गेडिस यांच्यावर दोन कौटुंबिक आघात झाले. एप्रिल १९१७ मध्ये थोरला मुलगा अ‍ॅलास्डेर फ्रान्समधील युद्धभूमीवर मारला गेला. प्रदर्शनाच्या कामात तो वडिलांचा प्रमुख साहाय्यक होता. त्यानंतर जून महिन्यात पत्नी अ‍ॅना यांचे भारतातच आजारपणाने निधन झाले. या दुःखातही गेडिस यांनी आपले काम थांबवले नाही.

इंदूरचा अनुभव

गेडिस यांचे भारतातील सर्वांत विस्तृत काम इंदूर येथे झाले. तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या कारकिर्दीत त्यांना या मराठी राजघराण्याच्या राजधानीचा आराखडा करण्यासाठी पाचारण करण्यात आले. शहरात प्लेगचा उपद्रव होता. गेडिस वस्तीतून फिरू लागले तेव्हा लोक त्यांच्याकडे भीतीने व संशयाने पाहत, कारण नगररचनाकार येणे म्हणजे घरे पाडली जाणे असेच त्यांना वाटे.

यावर गेडिस यांनी योजलेल्या उपायाची हकीकत मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या कथनातून ज्ञात आहे. तीनुसार त्यांनी दरबाराकडून एका दिवसापुरता महाराजांचा अधिकार मागून घेतला आणि दिवाळीनिमित्त शहरात मोठी मिरवणूक काढण्याचे जाहीर केले. मिरवणूक नेहमीच्या मार्गाने जाणार नव्हती. ज्या गल्ल्यांतील रहिवासी आपली घरे सर्वाधिक स्वच्छ व दुरुस्त करतील, त्या गल्ल्यांतून ती जाणार होती. कचरा विनामूल्य उचलला जाईल, असेही जाहीर झाले. परिणामी घराघरांतून साफसफाई सुरू झाली, हजारो गाड्या कचरा बाहेर निघाला आणि मोठ्या प्रमाणावर उंदीर पकडले गेले.

मिरवणुकीत हत्ती, घोडे, पिकांचे व कारागिरीचे देखावे, तसेच अस्वच्छतेचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांच्या प्रतिमा होत्या. सफाई कामगारांना नवी पांढरी वस्त्रे आणि फेटे देऊन त्यांच्या रंगवलेल्या गाड्यांसह मानाने मिरवणुकीत स्थान देण्यात आले. ज्या समाजात या कामगारांना स्पर्शही वर्ज्य मानला जात असे, तेथे हे स्थान लक्षणीय होते. मिरवणुकीत नव्या शहराचे नमुने दाखवले गेले आणि घरी लावण्यासाठी लोकांना तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी राक्षसाचे व प्लेगचे दहन झाले. त्यानंतर लोक आपणहून गेडिस यांना आपल्या गल्लीत बोलावू लागले, असे या हकीकतीत म्हटले आहे.

इंदूरचा अहवाल १९१८ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. नद्यांचे काठ स्वच्छ करून तेथे बागा करणे, जुन्या वस्तीत लहान चौक खुले करणे आणि नव्या वस्त्यांत घरांना परस ठेवणे हे त्यातील महत्त्वाचे विषय होत.

मुंबई विद्यापीठ

१९१९ साली डंडी येथील पदावरून निवृत्त झाल्यावर गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे प्राध्यापक झाले. भारतातील विद्यापीठीय समाजशास्त्राचा आरंभ या विभागापासून मानला जातो. वर्गातील व्याख्यानांइतकेच प्रत्यक्ष शहरात फिरून केलेल्या निरीक्षणाला ते महत्त्व देत. मालवण येथे जन्मलेले गोविंद सदाशिव घुर्ये यांना इंग्लंडमधील उच्च शिक्षणासाठी पाठवण्यात गेडिस यांचा वाटा होता. १९२४ साली गेडिस यांच्यानंतर घुर्ये यांनी विभागाची धुरा सांभाळली आणि पुढे भारतीय समाजशास्त्राला निश्चित आकार दिला.

याच काळात गेडिस यांनी शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र लिहिले (१९२०). रवींद्रनाथ टागोर यांच्याशीही त्यांचा शिक्षणविषयक पत्रव्यवहार होता.

उत्तरायुष्य

प्रकृती बिघडल्यामुळे १९२४ साली गेडिस यांनी भारत सोडला आणि ते दक्षिण फ्रान्समधील माँपेलिए येथे स्थायिक झाले. तेथे त्यांनी आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनिवास आणि त्याभोवती बाग उभारली. १९२५ साली त्यांनी तेल अवीव शहराचा आराखडा सादर केला. निवासी गटांच्या मध्यभागी सार्वजनिक बाग ठेवण्याची कल्पना त्यात होती आणि तिचा बराच भाग प्रत्यक्षात आला. १९३२ च्या आरंभी त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

उद्यान आणि रहिवासी यांविषयीचे विचार

गेडिस यांच्या लेखनातून व प्रयोगांतून सार्वजनिक उद्यानाच्या नियोजनाचा एक क्रम दिसून येतो. पहिली पायरी पाहणीची. कोणती जागा कोण, केव्हा आणि कशासाठी वापरतो, याची माहिती तेथील रहिवाशांजवळ असते. म्हणून पाहणी त्यांच्यासह करावी. दुसरी पायरी प्रदर्शनाची. जमलेली माहिती आणि पर्याय सामान्य माणसाला समजतील अशा चित्रांतून व नमुन्यांतून मांडावेत. तिसरी पायरी श्रमाची. खोदणे, लावणे आणि पाणी घालणे यांत परिसरातील लोकांचा, विशेषतः मुलांचा सहभाग असावा. ज्या मुलाने झाड लावले ते मूल त्याची मोडतोड करीत नाही, तर राखण करते, असा त्यामागील विश्वास होता. चौथी पायरी देखभालीची. ती परिसराच्या हाती राहिली तरच उद्यान टिकते.

या क्रमात आराखडा तयार झाल्यावर लोकांचे मत विचारण्याला दुय्यम स्थान आहे. आराखड्यातील मुख्य निर्णय होऊन गेल्यावर मागवलेल्या सूचनांनी तपशील बदलतात, हेतू बदलत नाहीत. म्हणून सहभाग पाहणीपासूनच असावा, हे या क्रमाचे तात्पर्य आहे.

टीका आणि मर्यादा

गेडिस यांच्या बहुतेक भारतीय अहवालांची अंमलबजावणी अल्प प्रमाणात झाली. अहवाल लिहून ते दुसऱ्या नगरात जात आणि पाठपुरावा करणारी स्थानिक यंत्रणा मागे राहत नसे. रुंद रस्ते आणि भुयारी गटारे यांवर भर देणाऱ्या अभियंत्यांशी त्यांचे मतभेद होत. त्यांची लेखनशैली विषयांतराने भरलेली व दुर्बोध असल्याची टीका त्यांच्या हयातीतच झाली.

अधिक मूलगामी आक्षेप त्यांच्या अधिकाराच्या स्वरूपाविषयी आहे. लोकसहभागाचा पुरस्कार करणाऱ्या गेडिस यांना काम मात्र वसाहतीचे सरकार आणि संस्थानिक यांच्या हुकमातूनच करता आले. इंदूरची मिरवणूक लोकांच्या उत्साहाने पार पडली, तरी ती काढण्याचा निर्णय लोकांचा नव्हता. रहिवाशांना प्रस्ताव नाकारण्याचा हक्क त्यांच्या योजनांत स्पष्टपणे आढळत नाही. सहभाग म्हणजे श्रमदान की निर्णयाचा वाटा, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहिला.

प्रभाव

अमेरिकन लेखक लुईस ममफर्ड यांनी गेडिस यांना आपले गुरू मानले आणि त्यांचे विचार जगभर पोहोचवले. १९४७ साली जॅकलिन टिरविट यांनी भारतातील अहवालांमधील निवडक भाग संपादित करून प्रसिद्ध केले. त्यानंतर भारतातील नगररचनेच्या अभ्यासक्रमांत त्यांचा परिचय नियमितपणे होऊ लागला.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखड्यापूर्वी विद्यमान जमीनवापराची पाहणी करणे आणि प्रारूप आराखड्यावर नागरिकांच्या हरकती व सूचना मागवणे बंधनकारक आहे. पाहणीनंतर आराखडा हे गेडिस यांचे तत्त्व येथे कायद्याच्या रूपात दिसते. मात्र नागरिकांचा औपचारिक प्रवेश प्रारूप तयार झाल्यावर होतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत गेडिस यांनी मांडलेले प्रश्न आजही जिवंत आहेत. चंद्रपूर शहराला गोंडकालीन परकोट, जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर व बिनबा हे दरवाजे, रामाळा तलाव आणि इरई व झरपट या नद्या लाभल्या आहेत. जुन्या वास्तू आणि जलाशय यांना सार्वजनिक जागेचा कणा मानण्याची त्यांची पद्धत अशा शहराला लागू पडते. २०१७ मध्ये इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानातून परकोटाच्या स्वच्छतेचे काम हाती घेतले. ग्रामीण भागात माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, आजही गावाच्या सामायिक जीवनाचे केंद्र आहेत.

निर्णयाच्या हक्काचा प्रश्न गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासी गावाने पुढे नेला. तेथे ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते आणि निर्णयापूर्वी अभ्यासगटांत विषयाची चर्चा होते. वनहक्क कायदा, २००६ अन्वये २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. हे उदाहरण शहरी उद्यानाचे नसून जंगलाचे आहे. तथापि आधी अभ्यास, मग निर्णय आणि नंतर सांभाळ हा क्रम त्यात स्पष्ट दिसतो, आणि गेडिस यांच्या योजनांत नसलेला नकाराधिकारही त्यात लोकांच्या हाती आहे.

प्रमुख ग्रंथ व अहवाल

द इव्होल्यूशन ऑफ सेक्स (१८८९, जे. आर्थर टॉमसन यांच्यासह)
सिटी डेव्हलपमेंट (१९०४) : डनफर्मलिनच्या उद्यानाविषयीचा अहवाल
सिटीज इन इव्होल्यूशन (१९१५)
नागपूर आणि जबलपूर येथील नगररचनेचे अहवाल (१९१७)
इंदूर दरबारास सादर केलेला अहवाल, दोन खंड (१९१८)
जगदीशचंद्र बोस यांचे चरित्र (१९२०)